भाड्याचं स्वप्न, कॉट बेसिसवर

१ मे २०१७ ला या देशातला लाल दिवा विझला. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिलमध्ये निर्णय घेतला, काही उत्साही मंत्र्यांनी तर मुदतीची वाटही न पाहता कॅमेऱ्यासमोर आपापल्या गाडीचे दिवे स्वहस्ते उतरवले, आणि टपावर दिवा लावून मिरवण्याचं सुख इतिहासजमा झालं. आता पुण्यात या. सदाशिव पेठेतल्या नाहीतर नवी पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत शिरा आणि हाताला लागेल त्या पोराला विचारा, बाबा रे, इथं कशाला आलास? ‘लाल दिव्याची गाडी.’ जी चीज सरकारनंच भंगारात काढली, तिच्यासाठी हा गडी प्लायवूडच्या पार्टिशनमध्ये डोकं घालून दिवसाचे चौदा तास बसलाय. आणि खरी गंमत पुढेच आहे. ती गाडी त्याला कधी हवीच नव्हती. ती हवी होती त्याच्या मामाला.

हा मामा तुमच्याही ओळखीचा आहे. कधीकाळी कुठल्याशा दाखल्यासाठी त्याला तहसील कचेरीच्या पायरीवर अर्धा दिवस बसवून ठेवलं होतं. साहेबांची जीप धुरळा उडवत निघून गेली, आणि त्या धुरळ्यात उभं राहून मामानं भीष्मप्रतिज्ञा केली. फरक एवढाच, की भीष्मानं आपली प्रतिज्ञा स्वतः निभावली. मामानं ती बहिणीच्या मुलाच्या नावावर केली. भाचा तेव्हा पाळण्यात होता. त्याची हरकत नोंदवून घेतल्याचं कुठल्याच दफ्तरात आढळत नाही.

दिवा गेला, हौस मात्र शाबूत आहे. २०२४ मध्ये याच पुण्यात एका परिविक्षाधीन अधिकारी बाईंनी आपल्या खासगी ऑडीवर दिवा लावून घेतल्याचं गाजलं. पुढे लोकसेवा आयोगानं त्यांची उमेदवारीच रद्द केली. कारणं वेगळी होती, पण दिव्याखाली काय असतं हे मराठी वाचकाला मी काय सांगणार!

मी याच पेठेत राहते, त्यामुळे आमच्या पेठेचं कौतुक आधी करून टाकते. आम्ही आमची पोरं अमेरिकेला पाठवली. पाठवली म्हणजे काय, त्यांना चालता येऊ लागलं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. ती गेली, खोल्या रिकाम्या झाल्या, आणि त्या खोल्यांत आम्ही बीड, लातूर, सोलापूर, धुळ्याची पोरं कॉट बेसिसवर ठेवली. एका खोलीत चार खाटा, चार ट्रंका, एक खिडकी. म्हणजे एकाच छताखालची गोष्ट पाहा: घरमालकाचा मुलगा आईबापांच्या स्वप्नापायी न्यू जर्सीत ग्रीन कार्डाच्या रांगेत, आणि भाडेकरू मुलगा मामाच्या स्वप्नापायी त्याच्याच जुन्या खोलीत. दोघांच्याही आयांना हळदीकुंकवाला सांगायला एकेक वाक्य आहे. दोन्ही पोरांना विचारायला कुणी गेलेलं नाही.

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, नाहीतर पत्रं येतील. ज्याला पगार हवाय त्याला मी हसत नाही. दोन एकरांचे चार वाटे झालेत, पावसाचा भरवसा नाही, सोयाबीनच्या भावाचा त्याहून नाही, आणि शेती करणाऱ्याला कुणी मुलगी देत नाही हे गावोगाव उघड आहे. अशा घरातला मुलगा ‘महिन्याच्या महिन्याला पैसे येतील आणि लग्न होईल’ म्हणून सरकारी नोकरी मागत असेल, तर तो या सगळ्या गर्दीतला एकमेव शहाणा माणूस आहे. ती त्याची स्वतःची गरज आहे आणि ती तो स्वतःच्या तोंडानं सांगतोय. पण नेमकं हेच सांगायची त्याला बंदी आहे. पगार हवा म्हणणं क्षुद्र. ‘समाजसेवा’ म्हणायचं. ‘व्यवस्थेत राहून व्यवस्था बदलायची’ म्हणायचं. बावीस वर्षांच्या पोराला कुठलीही व्यवस्था बदलायची नसते, त्याला मेसमधली भाजी बदलायची असते. तरी हे अवजड वाक्य तो पाठ करतो, आणि वर्षभरात त्याला ते आपलंच वाटायला लागतं.

हे वाक्य बनतं कुठं? क्लासमध्ये. आणि क्लासचा खरा कच्चा माल इतिहास, भूगोल किंवा पंचायतराज नव्हे. कच्चा माल म्हणजे बाप. दर बॅचच्या पहिल्या दिवशी एक वक्ता येतो. पांढरा शर्ट, कानामागून गालावर आलेला माइक, मागे मंद बासरी. तो सांगतो, डोळे मिटा. आता तुमच्या बापाच्या पायाच्या भेगा आठवा. हॉलमध्ये हुंदके सुरू होतात. फाटका बनियन आठवा. हुंदके वाढतात. आईनं मोडलेलं मंगळसूत्र आठवा. इथं मागच्या रांगेतला एखादा धाय मोकलून रडतो आणि कॅमेरा लगेच त्याच्याकडे वळतो, कारण पुढच्या बॅचची रीळ तीच असते. मग डोळे उघडायचे आणि बाहेरच्या टेबलावर फीचा पहिला हप्ता भरायचा. त्याच बापाच्या पैशांतून. पायाच्या भेगांना मलम आणायला सांगणारा वक्ता मी अजून पाहिला नाही.

आणि भिंती! क्लासच्या भिंतींवरचे फोटो कधी नीट पाहिलेत? नेताजी सुभाषचंद्र बोस असतातच. जानकीनाथ बोसांची इच्छा होती मुलानं आयसीएस व्हावं. मुलगा विलायतेला गेला, १९२० च्या परीक्षेत चौथा आला, आणि १९२१ मध्ये राजीनामा देऊन मोकळा झाला. म्हणजे वडिलांची मागणी पूर्ण केली, पावती घेतली, आणि मग स्वतःच्या कामाला लागला. अशा माणसाचा फोटो सनदी परीक्षेच्या क्लासमध्ये लावायचा म्हणजे विवाहमंडळाच्या कचेरीत समर्थ रामदासांची तसबीर लावण्यासारखं आहे. शेजारी डॉ. कलाम. स्वप्नांवरची त्यांची वचनं मोठ्या अक्षरांत. कलामांना व्हायचं होतं हवाई दलात वैमानिक. डेहराडूनला निवड झाली आठ जणांची, ह्यांचा नंबर नववा. आजच्या वक्त्याच्या हाती सापडले असते तर त्यानं त्यांना दहा वर्षं डेहराडूनलाच कॉट बेसिसवर ठेवलं असतं: ‘स्वप्न सोडायचं नाही, अटेम्प्ट वाढवायचे!’ कलामांनी ते सोडलं, दुसरं काम धरलं, आणि त्या कामावर जीव लावला. हे मात्र पोस्टरवर कुठंच नसतं.

आमचे चिंतामणराव देशमुख तर भिंतीवर नसतातच. रायगड जिल्ह्यातला मुलगा, १९१८ मध्ये आयसीएसला पहिला. टॉपर! पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. पण महाराष्ट्र त्यांना आठवतो ते १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा नेहरूंच्या पुढ्यात ठेवला म्हणून. पोस्ट काढणारे हजार, ती सोडण्याची ऐपत असलेला एखादा. क्लासला असल्या माणसाचा उपयोग काय? राजीनाम्याची बॅच काढता येत नाही.

टॉपरच्या फोटोंचं आणखी एक शास्त्र आहे. निकाल लागला की एकच मुलगी पाच क्लासच्या फ्लेक्सवर पाच रंगांच्या साड्यांत झळकते. ती पाचही ठिकाणी शिकली? कुठून शिकेल! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दिल्लीच्या काही क्लासवाल्यांना याच कारणासाठी दंड ठोठावला. जाहिरातीत मिरवलेल्या बऱ्याच यशस्वींनी तिथं घेतलं होतं ते फक्त मुलाखतीचं मार्गदर्शन, आणि तेही पुष्कळदा फुकट. पूर्व आणि मुख्य परीक्षा पोरांनी स्वतःच्या बळावर मारली, फ्लेक्स मात्र क्लासवाल्याचा. शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियमावली काढावी लागली. म्हणजे क्लासवाला स्वतः काय करतो? दुसऱ्याच्या यशावर जगतो. आणि विकतो काय? दुसऱ्याचं स्वप्न. या धंद्यात स्वतःची अशी एकच गोष्ट असते, बँकेचं खातं.

आकडे पाहायचेत? २०२२ च्या नागरी सेवा परीक्षेला देशभरातून ११ लाख ३५ हजारांवर अर्ज आले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५ लाख ७३ हजार. निवड झाली ९३३ जणांची. सगळे लोक ९३३ वर थांबतात आणि ‘केवढी ही स्पर्धा’ म्हणून उसासे टाकतात. मला कळवळा येतो तो मधल्या खड्ड्याचा. साडेपाच लाखांहून जास्त माणसांनी फॉर्म भरला आणि परीक्षेच्या दिवशी गेलीच नाहीत! हे कोण लोक? कुणी आजारी असेल, कुणाची तयारी नसेल, हे मान्य. पण साडेपाच लाख लोक एकाच रविवारी आजारी पडत नसतात. यातल्या कितीकांना घरच्यांना सांगायला फक्त एक वाक्य हवं होतं: ‘फॉर्म भरलाय.’ या दोन शब्दांवर मराठी घर वर्षभर शांत राहतं. लग्नाचा विषय निघत नाही, दुकानावर बस म्हणून कुणी सांगत नाही, मामा येऊन पाठीवर थाप मारून जातो. परीक्षा देण्याची गरजच काय? दिली तर उलट निकाल लागायची भीती.

मुदतही भरपूर. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांची ४३. शासनानं ती वाढवली तेव्हा पेठेत पेढे वाटले गेले. अडतिसाव्या वर्षीही आई फोनवर सांगते, ‘आमचा मुलगा शिकायला आहे पुण्यात.’ मुलाच्या दाढीत पांढरे केस आलेत, बरोबरीच्यांची पोरं शाळेत जातायत, आणि हा अजून ‘मुलगा’ आहे.

आयोगाचा कारभार तर या नाटकाला साजेसाच. मार्च २०२१ मध्ये परीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना ती पुढे ढकलली, तेव्हा पोरं शास्त्री रस्त्यावर उतरली: परीक्षा घ्या! ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच शास्त्री रस्त्यावर पोरं बसली: परीक्षा पुढे ढकला! कारण त्याच दिवशी बँकेच्या लिपिकपदाची परीक्षा होती. दोन्ही वेळा पोरांचंच बरोबर होतं, हे विशेष. आणि पाहा, राज्यसेवा आणि बँकेचा लिपिक, दोन्ही परीक्षांचं हॉलतिकीट एकाच खिशात. क्लासच्या भाषेत याला ‘ध्येयवेडेपणा’ म्हणतात. मी याला अक्कल म्हणते. त्या पोरानं मामाला खूश ठेवण्यासाठी एक अर्ज भरला आणि स्वतःच्या पोटासाठी दुसरा. त्या रविवारी त्याला त्यातला कुठला निवडायचा होता ते मला विचारू नका, त्याच्या मामाला तर अजिबात विचारू नका.

आता तुम्ही म्हणाल, अहो पण हल्ली उलटं वारंही आहेच की. स्वतःच्या मनाचं ऐका, पॅशन फॉलो करा! आहे ना. २००९ मध्ये ‘थ्री इडियट्स’ आला आणि इंजिनिअरिंगच्या प्रत्येक वर्गात वन्यजीव छायाचित्रकार होऊ पाहणारी पाच-सहा पोरं उगवली. त्यांनी त्याआधी वाघ पाहिला होता तो पेशवे पार्कात. बापाचं स्वप्न टाकलं आणि राजू हिरानींचं उचललं, एवढाच काय तो स्वातंत्र्यसंग्राम. आणि ‘मनाचं ऐका’ सांगणारा कोण? तोच पांढऱ्या शर्टातला, तोच गालावर माइक. सकाळच्या बॅचला बापाच्या भेगा, संध्याकाळच्या कॉर्पोरेट शिबिराला ‘चौकट मोडा’. बासरी तीच. तुम्ही कुणाचं स्वप्न जगताय याच्याशी त्याला देणंघेणं नाही, फी वेळेवर यावी.

डॉ. श्रीराम लागूंचं नाव इथं हटकून निघतं. निघू दे. पण अर्धी गोष्ट सांगू नका. लागू नाक-कान-घशाचे शल्यविशारद झाले, पुण्यात आणि आफ्रिकेत टबोऱ्याला वर्षानुवर्षं रोगी तपासले, त्या सगळ्या काळात हौशी नाटकं करत राहिले, आणि १९६९ मध्ये चाळिशी उलटल्यावर पूर्णवेळ रंगभूमीवर आले. रोजची तालीम, रात्रीचे प्रयोग, बसचे प्रवास, पाठांतर हे सगळं काय असतं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं आणि तरीही तेच हवं होतं. त्यांना टाळ्या नव्हे, तालीम हवी होती. पॅशनवाल्यांना टाळ्या हव्या असतात. दिव्यावाल्यांनाही टाळ्याच हव्या असतात, फक्त त्यात गुलाल मिसळून आणि जेसीबीच्या बकेटमधून.

मी पोरांना एक खवचट प्रश्न विचारते. तहसीलदार व्हायचंय? छान. मंगळवारी सकाळी अकरा वाजता तहसीलदार काय करतो? शांतता. एखादा म्हणतो, ‘मीटिंग.’ दुसरा म्हणतो, ‘व्हिजिट.’ अरे, मंगळवारी अकरा वाजता त्याच्यासमोर दोन सख्खे भाऊ उभे असतात आणि एकानं दुसऱ्याचा बांध कोरलेला असतो. दुपारी गारपिटीचे पंचनामे कमी का भरले म्हणून सरपंच येऊन बसतो. रात्री वाळूचा ट्रॅक्टर धरायला नदीकाठी जायचं आणि ट्रॅक्टर कुणाचा निघतो ते पाहून सकाळी फोन घ्यायचे. मधल्या वेळात मतदारयाद्या, रेशनकार्डं, सातबाऱ्यावरच्या नोंदी, आणि दारात पायरीवर बसलेले चार मामा. हे काम ज्याला हवंय त्यानं जरूर जावं, अडतिसाव्या वर्षीही जावं. पण निकालाच्या दिवसाची सगळी स्वप्नं पाहून झालीत आणि दुसऱ्या दिवसाचं एकही नाही, तर ते स्वप्न तुमचं कसं? तो मामाच्या घरचा समारंभ आहे आणि तुम्हाला त्यात नारळ धरायला उभं केलंय.

शंभरातला एखादा मात्र बरोबर उत्तर देतो. आमच्या समोरच्या वाड्यात राहणारी एक मुलगी आहे. तिच्या आईच्या वाट्याच्या शेतात जायचा रस्ता वरच्या बांधावरच्यानं काटे टाकून बंद केला होता. केस तहसीलमध्ये, आणि तारखा सुरू. ही शाळेत असताना आईबरोबर तारखेला जायची. साहेब नाहीत, साहेब दौऱ्यावर, साहेब आले पण फाइल सापडत नाही. मी माझा खवचट प्रश्न तिला विचारला तेव्हा तिनं मलाच बसवून शिकवलं. बांधावरून रस्ता नव्यानं मागायचा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. असलेली वहिवाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५, आणि तो अर्ज अडवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. ‘आमच्या अर्जावर कलमच चुकीचं घातलं होतं, काकू. ते पहिल्याच तारखेला सांगता आलं असतं. पाच मिनिटांचं काम.’ तिला गाडी नको, दिवा नको. तिला ती पाच मिनिटं हवी आहेत. टेबलाच्या पलीकडे बसून फाइल उघडायची आणि म्हणायचं, मावशी, कलम चुकलंय, हे असं लिहून आणा. असली विक्षिप्त महत्त्वाकांक्षा मी आजवर दुसरी पाहिलेली नाही.

पोस्ट अजून निघालेली नाही. मागच्या वेळी मुलाखतीपर्यंत पोचली, तेव्हा एका मॉक इंटरव्ह्यूला गेली होती. समोर तीन सर, मध्ये प्लॅस्टिकची फुलं. विचारलं, तुमची प्रेरणा कोण? हिनं सरळ सांगितलं, ‘आमच्या तालुक्याचे त्या वेळचे तहसीलदार. त्यांनी इतकं वाईट काम केलं, की मला वाटलं हे मी नक्की बरं करीन.’

तिन्ही सर दचकले. मधल्यांनी चष्मा काढून समजूत घातली, असं नकारात्मक बोलायचं नाही, मार्क जातात. वडिलांचं नाव घ्या. ‘माझ्या बाबांचं स्वप्न होतं’ अशी सुरुवात करा, पॅनेलला आवडतं.

ती म्हणाली, ‘सर, बाबांचं स्वप्न मी जीएनएम करून गावातच नर्स व्हावं असं होतं. अजून आहे. तेच सांगू का?’